साथीनंतरचा बाजार : जेऊर स्थानकाच्या परिसरातून एक विचार

साथीच्या इतिहासाची साधने चाळताना एक विषमता सहज ध्यानात येते. बाजार बंद करण्याचा हुकूम केव्हा निघाला, कोणाच्या सहीने निघाला, तो मोडल्यास शिक्षा काय, हे सर्व दप्तरात नोंदलेले असते. परंतु तोच बाजार पुन्हा भरला तो कोणत्या क्रमाने, कोणता व्यवहार आधी सुरू झाला व कोणता मागे राहिला, आणि मागे राहिलेल्यांनी तो काळ कसा काढला, याची नोंद क्वचितच आढळते. बंदीला एक तारीख असते. उघडण्याला तारखांची मालिका असते, आणि त्या मालिकेतील शेवटची तारीख बहुधा कोणीच लिहून ठेवीत नाही. हुकूम लिहिणाऱ्या कारकुनास बंदी हे कार्य वाटते व उघडणे हा केवळ त्या कार्याचा शेवट वाटतो, हेही याचे एक कारण असावे. परिणाम असा की साथीचा इतिहास म्हणजे निर्बंधांचा इतिहास अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः राज्यसंस्थेची रोगाविषयीची कल्पना, तिचा लोकांवरील विश्वास आणि तिच्या नजरेत कोणाचा धंदा किती मोलाचा, या तिन्ही गोष्टी बंदीपेक्षा उघडण्याच्या क्रमातच अधिक स्पष्टपणे उमटतात. प्रस्तुत लेखात १८९६ नंतरचा ग्रंथिज्वर, म्हणजेच प्लेग, आणि २०२० ते २०२२ या काळातील कोविडची साथ या दोन प्रसंगांकडे सोलापूर जिल्ह्यातील जेऊर या स्थानकाच्या गावावरून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

जेऊर निवडण्यास कारण आहे. करमाळा तालुक्यातील हे गाव ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुंबई-सोलापूर मार्गावर वसले आहे. दिक्सळपासून बार्शी रोडपर्यंतचा, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंतचा लोहमार्ग १८५९ च्या ऑक्टोबरात वाहतुकीस खुला झाला आणि पुढील वर्षी तो सोलापुरास पोचला. तत्पूर्वी बालाघाट आणि पुणे यांच्या दरम्यानच्या व्यापारात करमाळ्याच्या पेठेचे महत्त्व मोठे होते. लोहमार्ग मात्र करमाळ्यावरून न जाता त्याच्या दक्षिणेस सुमारे अकरा मैलांवरून गेला, आणि तालुक्याची बाहेरच्या जगाशी होणारी देवघेव जेऊरच्या फलाटावरून होऊ लागली. या तालुक्याची दुसरी विशेषता सीमेची. त्याच्या पूर्वेस परंडा, उत्तरेस कर्जत आणि जामखेड, पश्चिमेस भीमेपलीकडे इंदापूर. म्हणजे धाराशिव, अहिल्यानगर व पुणे या तीन जिल्ह्यांच्या हद्दी येथे भिडतात. प्लेगच्या काळात तर परंडा हा निजामाच्या मुलखाचा भाग होता. अशा ठिकाणच्या बाजाराचे गिऱ्हाईक, विक्रेते आणि जनावरे कधीही एका हुकुमाच्या हद्दीत मावलेली नाहीत. उजनीच्या जलाशयामुळे ऊस व केळी यांचा प्रदेश म्हणून आज हा भाग ओळखला जात असला, तरी त्याची ही स्थानकाची व सीमेची प्रकृती पालटलेली नाही.

मुंबईत प्लेगचे निदान १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात केले. मांडवी हा बंदरालगतचा, धान्याच्या वखारींनी गजबजलेला भाग. ही गोष्ट त्या वेळीही सर्वांना ठाऊक होती, परंतु तिचा अर्थ उलगडावयास पुढे दहा वर्षे लागली. शहरातून लोकांचा मोठा लोंढा बाहेर पडला, आणि १८९७ च्या फेब्रुवारीत 'साथीचे रोग अधिनियम' संमत झाला. चार कलमांचा हा कायदा आपल्या विधिसंहितेतील अत्यंत त्रोटक कायद्यांपैकी एक गणावा लागेल. त्याच्या दुसऱ्या कलमात आगगाडीने अथवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी व संशयितांचे विलगीकरण यांचा स्पष्ट निर्देश आहे. हुकूम मोडणाऱ्यास दंडसंहितेप्रमाणे शिक्षा आहे. सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यास संरक्षण आहे. नियम 'तात्पुरते' असतील असे कायदा म्हणतो. ते केव्हा व कोणत्या कसोटीवर मागे घ्यावयाचे, याविषयी मात्र त्यात एक शब्दही नाही.

या कायद्यान्वये प्रमुख स्थानकांवर उतारूंची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. गाडीतून उतरवून रांगेत उभे करणे, काखेत व जांघेत गाठ आहे का हे हाताने चाचपून पाहणे, ताप असल्यास अडकवून ठेवणे, बोचकी व कपडे शुद्धीकरणासाठी काढून घेणे, असे तिचे स्वरूप होते. स्त्रियांच्या तपासणीमुळे लोकांत जो संताप उसळला, आणि पुण्यात सैनिकांकरवी घरोघर चाललेल्या झडत्यांमुळे जो रोष माजला, त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर झालेल्या गोळीबारात झाली, हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्याची पुनरुक्ती येथे आवश्यक नाही. येथे पाहावयाचे ते इतकेच की स्थानकावर माणूस अडत होता, पण माल अडत नव्हता.

आणि तो अडविणे शक्यही नव्हते. १८९६-९७ हे दुष्काळाचे वर्ष होते, आणि मुंबई इलाख्यात ज्या जिल्ह्यांना त्याची झळ विशेष लागली त्यांत सोलापूर अग्रस्थानी होते. दुष्काळी कामांवर हजारो माणसे खडी फोडीत असताना बाहेरून येणारे धान्य हाच त्यांचा आधार होता. तेव्हा एकाच लोहमार्गावरून दोन विरुद्ध गरजा धावत होत्या : माणसांची ये-जा थांबवावी ही एक, आणि धान्याची गाडी थांबता कामा नये ही दुसरी. शासनाने या पेचातून काढलेला मार्ग व्यवहार्य दिसत होता. माणूस तपासावा, पोते जाऊ द्यावे. व्यापाराचा हा अर्धा भाग साथीच्या ऐन भरातही उघडाच राहिला.

रोगाच्या दृष्टीने मात्र हा विवेक नेमका उलटा होता. फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ च्या जूनमध्ये कराची येथे केलेल्या प्रयोगावरून प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो असे प्रतिपादिले. त्याच सुमारास हिंदुस्थानात आलेल्या, फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग आयोगास ते पटले नाही. मुंबईत लिस्टन यांनी केलेल्या निरीक्षणांनंतर आणि १९०५ पासून सुरू झालेल्या संशोधनमंडळाच्या प्रयोगांनंतरच हे मत सर्वमान्य झाले. म्हणजे फलाटावर ज्याची काख चाचपली जात होती तो उतारू बहुतांशी निरुपद्रवी होता. त्याच्या बोचक्यात पिसवा असण्याचा संभव होता, व तेवढ्यापुरते कपड्यांचे शुद्धीकरण उपयोगी होते. पण त्याच फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जी पोती उतरविली जात होती ती पिसवांना, क्वचित उंदरांनाही, एका बाजारपेठेतून दुसऱ्या बाजारपेठेत नेणारी खरी वाहने होती. मांडवीच्या वखारी आणि मोफसलातील आडतींची कोठारे यांना जोडणारा धागा माणसांचा नव्हता, धान्याचा होता.

तत्कालीन अधिकाऱ्यांस याबद्दल दोष देणे हा उत्तरकालीन शहाणपणा होईल. जे ज्ञान उपलब्ध नव्हते त्याप्रमाणे ते वागले नाहीत, इतकेच. पण माणसावरच दृष्टी का खिळावी, याचे उत्तर केवळ अज्ञानात सापडत नाही. उतारू एका दारातून आत येतो व एका दारातून बाहेर जातो. त्याला मोजता येते, त्याच्याजवळचे तिकीट मागता येते, त्याचे नाव व गाव लिहून घेता येते. स्थानक हे दार असलेले ठिकाण आहे. बाजाराला, वखारीला, गाडीतळाला असे दार नसते. ज्या ठिकाणी शासनाला उभे राहून मोजता येते तेथे ते रोग शोधते; रोग प्रत्यक्ष तेथेच असेल असे नाही. हा मुद्दा पुढील काळासाठी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

दख्खनच्या खेड्यांत या काळात एक निराळी रीत स्थिर होत गेली. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडावे, शेतात अथवा माळावर झोपड्या घालून राहावे, आणि साथ ओसरल्यावर परतावे. सरकारी छावण्यांचे तत्त्वही हेच होते. परंतु छावणीत पोलीस नेत आणि माळावर लोक आपण होऊन जात, हा फरक लहान नव्हे. 'उंदीर पडणे' या शब्दप्रयोगात सिमाँ यांचा अर्धा सिद्धान्त आधीच सामावलेला होता असे म्हटल्यास ते फारसे धाडसाचे ठरू नये. हिमालयाच्या पायथ्याशी गढवाल व कुमाऊँ या भागांतही उंदीर मरताच गाव सोडण्याची चाल फार जुनी होती. तिच्यामागे शास्त्र नव्हते. अनेक पिढ्यांचे निरीक्षण होते.

इतिहासकाराला या रीतीत विशेष रस वाटावा तो परतीच्या प्रश्नामुळे. घर केव्हा उघडावे? सरकारी शुद्धीकरणात कौले काढून ऊन आत घेणे, भिंतींना चुना देणे, जमीन उकरणे, चीजवस्तू जाळणे यांचा समावेश असे. जाळपोळ सोडली तर यातील बराचसा भाग लोकांनी स्वीकारला, कारण ऊन आणि सारवण यांवर त्यांचा स्वतःचाही भरवसा होता. उन्हाळ्याची कोरडी उष्णता पिसवांस मानवत नाही, त्यामुळे दख्खनमध्ये साथ चैत्र-वैशाखात बहुधा मंदावे. उघडण्याची वेळ अशा रीतीने ऋतूने ठरविली. साथ मंदावली की तिचे श्रेय तपासणीला देण्याकडे अधिकाऱ्यांचा कल असे, आणि पावसाळा सरता सरता ती परतली की दोष लोकांच्या हलगर्जीपणाला दिला जाई. श्रेय व दोष यांची ही वाटणी पुढे शंभर वर्षांनीही फारशी बदललेली नाही.

१८९८ च्या मार्चमध्ये मुंबईत दंगे झाल्यावर सक्ती हळूहळू सैल करण्यात आली. त्याच सुमारास उघडण्याचे एक नवे साधन हाती आले होते. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस सिद्ध करून प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. लस घेतलेल्यांना दाखला देण्यात येऊ लागला, आणि तो जवळ असणाऱ्यास प्रवासातील व विलगीकरणातील काही निर्बंधांतून सूट मिळू लागली. हा दाखला म्हणजे एका अर्थी माणसाने बरोबर बाळगलेले दार होते. ज्याच्यापाशी तो कागद आहे त्याच्यापुरता बाजार उघडा, इतरांस बंद. लसीविषयी शंका असलेले, ती मिळण्याच्या ठिकाणापासून दूर राहणारे, आणि रोजच्या मजुरीवर जगत असल्यामुळे टोचल्यानंतरच्या तापात दोन दिवस घरी बसू न शकणारे, असे तिन्ही प्रकारचे लोक या व्यवस्थेत सारखेच बाहेर राहिले.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाविषयी येथे थोडक्यात लिहिणे पुरे आहे. जूनमध्ये तो जहाजांवाटे मुंबईत आला व आगगाडीच्या मार्गांनी आत शिरला. सप्टेंबरपासूनची दुसरी लाट प्राणघातक ठरली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिला बळी पडली. साथ इतक्या वेगाने आली की बंदीचा विचार होण्यापूर्वीच ती शिखर गाठून ओसरू लागली. महायुद्धात गुंतलेल्या शासनाने मोजण्यासाठी कोठे फारसे दार उभारलेच नाही. त्यामुळे त्या साथीत उघडण्याचा प्रश्नही प्लेगच्या अर्थाने उपस्थित झाला नाही, आणि कदाचित म्हणूनच एवढी मोठी आपत्ती दप्तरातून व स्मृतीतून एवढ्या लवकर पुसली गेली.

यानंतरचा प्रसंग शतकाने आला. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने कोविडच्या प्रतिबंधार्थ जे अधिकार वापरण्यास आरंभ केला त्यांचा एक आधार १८९७ चा तोच चार कलमांचा कायदा होता. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. उतारूंच्या गाड्या थांबल्या, मालगाड्या चालू राहिल्या. शेतमाल, दूध, किराणा यांना अत्यावश्यक म्हणून मोकळीक राहिली. जेऊरवरून जाणाऱ्या लोहमार्गाचे दृश्य अशा रीतीने १८९७ चीच पुढची पायरी होती : माणूस पूर्णपणे अडलेला आणि माल धावत असलेला. २१ ऑगस्ट २०२० पासून सांगोल्याहून निघणारी 'किसान रेल' डाळिंबादी फळे घेऊन कुर्डुवाडी-दौंड याच मार्गाने उत्तरेकडे जाऊ लागली. त्या वेळी या मार्गावरील खेडुतास साध्या तिकिटाने शेजारच्या स्थानकापर्यंतही जाता येत नव्हते.

यातील ऐतिहासिक विपर्यास लक्षणीय आहे. प्लेगमध्ये धोका पोत्यात होता व पोते मोकळे होते. कोविडमध्ये धोका माणसाच्या श्वासात होता, पोते जवळपास निर्दोष होते, आणि या वेळी माणूस अडविणे व पोते सोडणे ही व्यवस्था रोगाच्या स्वभावाशी खरोखर जुळत होती. परंतु जुळते आहे हे तेव्हा कोणास निश्चित ठाऊक नव्हते. म्हणून पोत्यांवर, नोटांवर, भाजीवर, दुकानांच्या कठड्यांवर जंतुनाशकाचे फवारे उडविले गेले. रोग मुख्यतः हवेतून, विशेषतः कोंदट जागेतील हवेतून पसरतो, असे दोनशे एकोणचाळीस शास्त्रज्ञांनी २०२० च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेस उद्देशून प्रसिद्ध केलेल्या निवेदनात आग्रहाने मांडले. त्याचा पुरेसा स्वीकार अधिकृत पातळीवर होण्यास २०२१ चा उन्हाळा उजाडला. सिमाँ यांच्या वेळी दहा वर्षे लागली होती, या वेळी एकही पुरते लागले नाही, ही प्रगतीच होय. मात्र महाराष्ट्रातील पहिले पुनरुद्घाटन नेमके त्या वर्षातच झाले.

त्याचा क्रम तारखांनिशी मांडणे उचित ठरेल, कारण या निबंधाचे मुख्य प्रमाण तेच आहे. 'मिशन बिगिन अगेन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हुकुमांप्रमाणे २०२० च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात, सोलापूरसारख्या मोठ्या शहरांतून, रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एके दिवशी व दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी उघडण्यास परवानगी मिळाली. ८ जुलैपासून निवासी हॉटेले मर्यादित क्षमतेने सुरू झाली. ५ ऑगस्टपासून मॉल उघडले. त्यांतील चित्रपटगृहे व खाद्यगृहे तेवढी बंद राहिली. २ सप्टेंबरपासून जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी लागणारा ई-पास रद्द झाला. ५ ऑक्टोबरपासून उपाहारगृहे व मद्यालये निम्म्या क्षमतेने सुरू झाली. आणि त्यानंतर, १५ ऑक्टोबरपासून, जनावरांच्या बाजारांसह स्थानिक आठवडे बाजारांस परवानगी देण्यात आली. धार्मिक स्थळे १६ नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या पाडव्यास उघडली.

वातानुकूलित, चारी बाजूंनी बंद असलेला मॉल खुल्या आकाशाखालील आठवडे बाजाराच्या आधी एकाहत्तर दिवस उघडला. रोगाच्या आजच्या ज्ञानाप्रमाणे क्रम याच्या उलट असावयास हवा होता.

प्रशासनाची बाजू येथे न्यायाने मांडली पाहिजे. आठवडे बाजारात दहा-वीस गावांची माणसे एकत्र येतात व सायंकाळी तितक्याच गावांना परततात. एका बाजाराने संसर्ग तालुकाभर जाऊ शकतो. गर्दी दाट असते, तोंडावरचा मुखपट्टा घासाघीस करताना खाली येतो. हे आक्षेप खरे आहेत. परंतु ते मॉललाही कमीअधिक प्रमाणात लागू होते, आणि जागेच्या बंदिस्तपणाचा आक्षेप मॉलला अधिकच लागू होता. निर्णायक ठरला तो भेद वेगळा होता. मॉलला दार असते. तेथे रखवालदार उभा करता येतो, कपाळावर तापमापक धरता येतो, वहीत नाव लिहिता येते, आत किती व बाहेर किती हे सांगता येते, आणि नियम मोडल्यास नोटीस बजावण्यास एक मालक असतो. बाजाराच्या पटांगणास चारी दिशा दार असतात आणि मालक कोणीच नसतो. १८९७ मध्ये शासनाने रोग जेथे मोजता येतो तेथे शोधला. २०२० मध्ये व्यवहार जेथे मोजता येतो तेथे आधी उघडला.

या क्रमाची किंमत कोणी मोजली हे उघड आहे. आठवडे बाजारात पाल ठोकून बसणारा विक्रेता एका गावचा नसतो. सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या गावी, असा त्याचा फेरा असतो. भांडी, बांगड्या, कपडे, बी-बियाणे, मसाले, चपला यांचा तो व्यापारी. त्यास 'अत्यावश्यक' ही संज्ञा लागत नव्हती, दुकान नसल्यामुळे सम-विषम दिवसांची सवलतही लागत नव्हती. शेळ्या-मेंढ्यांवर अडीनडीला पैसा उभा करणाऱ्या शेतमजुराची तीच गत. त्याचे धन दावणीला बांधलेले होते, आणि ते मोडण्याचे ठिकाण सात महिने बंद होते. करमाळ्यासारख्या सीमेवरील तालुक्यात आणखी एक अडचण होती. परंडा, कर्जत किंवा इंदापूरकडचे गिऱ्हाईक काही कोसांवरचे असले तरी परजिल्ह्यातील होते, आणि ई-पासच्या नियमात त्याची यात्रा व मुंबईहून येणाऱ्याची यात्रा एकाच मापाने मोजली जात होती. निजामाची हद्द जाऊन सत्तर वर्षे झाली होती. हद्दीची कल्पना मात्र तशीच कामास आली.

दुसऱ्या लाटेनंतर, २०२१ च्या जूनमध्ये, उघडण्याला प्रथमच एक जाहीर कसोटी मिळाली. चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण व प्राणवायूच्या खाटांचा वापर या दोन आकड्यांवरून जिल्ह्यांचे पाच स्तर पाडण्यात आले. बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी व खाटांचा वापर पंचवीस टक्क्यांहून कमी असल्यास पहिला स्तर. वीस टक्क्यांहून अधिक बाधित किंवा पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक खाटा भरलेल्या असल्यास पाचवा. १८९७ च्या कायद्यात जी उणीव होती, म्हणजे निर्बंध केव्हा उठवावयाचे याची, ती एकशे चोवीस वर्षांनी अंशतः भरून निघाली. हा बदल मोठा होता व त्याचे श्रेय दिले पाहिजे. दुकानदारास आपले दुकान कोणत्या आकड्यावर उघडेल हे प्रथमच आगाऊ कळू लागले.

मग प्रश्न उरला तो घटकाचा. स्वतंत्र घटक ठरविला तो जिल्हा, किंवा दहा लाखांहून अधिक वस्तीची महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी आत होती. भीमेकाठच्या एखाद्या गावातील रुग्णांमुळे शहरातील दुकान, आणि शहरातील रुग्णांमुळे जेऊरची पेठ, एकमेकांच्या आकड्यांशी बांधली जाण्याची स्थिती यातून निर्माण होत होती. ऑगस्टच्या आरंभी राज्यातील बहुतेक जिल्ह्यांचे निर्बंध सैल झाले तेव्हा ज्या अकरा जिल्ह्यांत ते कायम राहिले त्यांत सोलापूर होते. त्यानंतर १३ ऑगस्टपासून जिल्ह्यातील पंढरपूर, माळशिरस, सांगोला, माढा व करमाळा या पाच तालुक्यांवर कडक निर्बंध लागले. घटक जिल्ह्यावरून तालुक्यावर आला होता. तत्त्वतः ही सुधारणा होती, कारण ज्या भागात रोग अधिक त्याच भागापुरती बंदी हे अधिक न्याय्य. परंतु दोनच दिवसांनी, १५ ऑगस्टपासून, उर्वरित राज्यात दुकाने रात्री दहापर्यंत चालू लागली, आणि लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांस मुंबईच्या लोकलगाड्यांत व मॉलमध्ये प्रवेश मिळाला, तेव्हा श्रावणातल्या सणासुदीच्या तोंडावर आपलीच पेठ बंद का, हा या तालुक्यांतील व्यापाऱ्यांचा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. पंढरपुरात त्यास उघड विरोध झाला.

प्लेगच्या काळी घटक गाव होते, आणि गावाने आपला निर्णय उंदरावरून घेतला. २०२०-२१ मध्येही जिल्ह्यातील अनेक ग्रामपंचायतींनी सरकारी हुकुमाची वाट न पाहता आठ-पंधरा दिवसांचा 'जनता कर्फ्यू' आपण होऊन पाळला. ज्या गावाने बंद आपण ठरविला त्याने उघडणेही आपण ठरविले, व त्यावरून तंटा झाल्याचे फारसे दिसत नाही. लहान घटकातील निर्णय नेहमीच शहाणा असतो असे मात्र म्हणता येत नाही. याच ग्रामसभांच्या वेशींवर, विशेषतः २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत, पुण्या-मुंबईहून परतणाऱ्या आपल्याच लेकरांस अडविणारी काट्यांची कुंपणेही उभी राहिली होती. गावालाही दार उभारता येते.

सार्वजनिक समारंभांचा विचार वारीवाचून पुरा होत नाही, आणि जेऊरचा तर वारीशी प्रत्यक्ष संबंध आहे. त्र्यंबकेश्वराहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी कर्जतकडून करमाळा तालुक्यात उतरते आणि रावगाव, जेऊर, कंदर या वाटेने पंढरीकडे जाते. पालखीचा मुक्काम म्हणजे गावाला एका रात्रीचा उत्सव आणि वाटेवरच्या छोट्या विक्रेत्यांना वर्षातील एक मोठा दिवस. २०२० च्या आषाढीस, म्हणजे १ जुलै रोजी, आणि पुन्हा २०२१ मध्ये २० जुलै रोजी, मानाच्या पालख्यांच्या पादुका एस.टी.च्या गाड्यांतून मोजक्या वारकऱ्यांसह पंढरपुरास नेण्यात आल्या. एस.टी.ची गाडी हेही दार असलेले ठिकाणच. तिच्यात किती माणसे बसली हे सांगता येते. पायी वारीत ते सांगता येत नाही, किंबहुना सांगता येऊ नये हाच तिचा गाभा आहे. उघड्या माळावरून चालणारी वारी रोगाच्या दृष्टीने गाडीहून सुरक्षित, परंतु मुक्कामाच्या गावातील राहुट्या, पंगती आणि अखेरीस पंढरपूरची गर्दी ही खचितच धोक्याची होती, तेव्हा या दोन वर्षांच्या निर्णयास अवाजवी म्हणणे कठीण आहे. वारकरी संप्रदायातील बहुतेकांनी तो स्वीकारलाही.

उघडण्याची रीत मात्र येथेही तीच राहिली. विठ्ठलमंदिर १७ मार्च २०२० पासून बंद होते. ते १६ नोव्हेंबरला उघडले ते आगाऊ नोंदणी केलेल्या मर्यादित भाविकांस मुखदर्शनापुरते. दहाच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, कार्तिकी एकादशी आली, आणि त्या दिवशी पंढरपुरात संचारबंदी होती. देवळास दार आहे म्हणून देऊळ उघडले. यात्रेस ते नाही म्हणून यात्रा बंद राहिली. पुढील वर्षी दुसऱ्या लाटेत मंदिर पुन्हा बंद होऊन ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले. पदस्पर्शदर्शन २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्यास, राज्यातील निर्बंध उठल्यानंतरच सुरू झाले, आणि त्या वर्षी १० जुलैच्या आषाढीस पालख्या पुन्हा पायी आल्या.

या दोहोंमधील कार्तिकी वारी अभ्यासकाने विशेष पाहावी. १५ नोव्हेंबर २०२१ च्या त्या एकादशीस शासनाने यात्रेची परवानगी दिली होती. दोन वर्षांच्या खंडानंतरची ती पहिली यात्रा. पंढरपूरच्या व्यापाऱ्यांनी प्रसादाचा, तुळशीमाळांचा व कुंकू-बुक्क्याचा माल भरला होता. परंतु ऑक्टोबरअखेरीपासून एस.टी. कामगारांचा संप चालू होता. टाळेबंदीच्या काळात रखडलेल्या वेतनाची तक्रार हे त्याच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी एक. आगगाडीच्या साध्या तिकिटाचा प्रवासही तोवर पूर्ववत झालेला नव्हता. ज्यांना स्वतःचे वाहन नाही अशा दूरच्या वारकऱ्यांस निघणे कठीण होते. मंदिर उघडे होते, वाळवंट मोकळे होते, हुकूम अनुकूल होता. गर्दी मात्र नेहमीच्या कार्तिकीइतकी झाली नाही, आणि भरलेला माल बराचसा दुकानांतच राहिला.